करवत लागली, झाड उभेच

चोरी पुरी केव्हा होते ते मागच्या प्रकरणात पाहिले. ती अर्ध्यावर सापडली तर काय, हा त्याच्या पुढचा आणि जास्त अवघड प्रश्न. त्यासाठी चिपळूण तालुक्यातल्या सावर्ड्याला जाऊ. कोकणाबाहेरच्यांना सावर्डे म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावरचे एक गाव. कोकणातल्या माणसाला मात्र सावर्डे म्हटले की कात आठवतो. खैर तोडायचा, साल आणि वरचे पांढरे लाकूड तासून आतला तांबडा गाभा काढायचा, त्याच्या ढलप्या उकळून रस आटवायचा, आणि थिजला की कात. या भागात हा धंदा जुना आहे, त्यामुळे डोंगरातला खैर म्हणजे उघड्यावर ठेवलेली रोकड. स्वतःच्या जमिनीतला खैर तोडायलाही परवानगी लागते. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस यांच्या पंगतीला खैरही बसलेला आहे. पण तो परवानगीचा भाग बाजूला ठेवू. आपल्याला इथे दुसऱ्याच्या झाडावर डोळा ठेवणारा माणूस हवा आहे.

समजा, सावर्ड्याजवळच्या एका उतारावर एका मुंबईकराची जमीन आहे. मालक गणपतीला आणि शिमग्याला येतो, एरवी वाऱ्याच्या हवाली. दगडू नावाचा इसम एका दुपारी तिथे चक्कर मारून जाड बुंध्याचे खैर हेरून येतो. मग ओळखीच्याकडून कटर मशीन मागून आणतो, पेट्रोल भरतो, पिकअपवाल्याला रात्री फाट्यावर थांबायला सांगतो. रात्री गडगा ओलांडून आत शिरतो, बुंध्याशी बसतो, मशीन सुरू करतो. पाते निम्म्या बुंध्यापर्यंत जाते आणि तेवढ्यात वरून बॅटरीचा झोत पडतो. दगडू पळतो, पण लांब जात नाही.

दगडूने चोरी केली का? केली नाही. जमिनीत रुजलेली वस्तू जोवर जमिनीला धरून आहे तोवर तिची चोरी होत नाही. ती तोडून वेगळी झाली की चोरीला पात्र होते. १८६० च्या दंडसंहितेने तर नेमके झाडाचेच उदाहरण दिले होते, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये ते तसेच आहे: लबाडीने न्यायचे म्हणून दुसऱ्याच्या जमिनीतले झाड कोणी तोडले, तर झाड सुटे होताक्षणी चोरी झाली. ते पिकअपमध्ये चढायचीही गरज नाही. आपला खैर मात्र अजून उभा आहे. तेव्हा दगडूवर लागलेच तर दोन आरोप लागतील, एक दुसऱ्याच्या जमिनीत शिरल्याचा आणि दुसरा चोरीच्या प्रयत्नाचा. पहिला सोपा आहे. दुसऱ्यासाठी मागे मागे जात विचारावे लागते, की प्रयत्न कुठे सुरू झाला? पाते बुंध्याला टेकले तेव्हा, गडगा ओलांडला तेव्हा, पिकअप फाट्यावर लागली तेव्हा, की दुपारी झाडे हेरली तेव्हाच?

मनातल्या विचाराला शिक्षा नाही, इथे कोणाचे दुमत नाही. तयारीलाही बहुतेक वेळा शिक्षा नाही, आणि त्याला दोन कारणे आहेत. एक, तयारी करणारा माणूस घरी परतू शकतो, आणि त्याला परतण्याची वाट मोकळी ठेवण्यातच शहाणपण आहे. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते: तयारीच्या कृतीला स्वतःचे असे तोंड नसते. कटर मशीन काजूच्या बागेतली वाळकी खोडे काढायलाही आणतात, पिकअप आंब्याच्या पेट्यांसाठीही सांगून ठेवतात. अशा कृतीवरून माणसाला गुन्हेगार ठरवायला लागलो तर अर्धे कोकण आत जाईल. अपवाद मोजके आहेत. पाच किंवा अधिक जणांनी दरोड्याची तयारी केली तर ती तयारीच गुन्हा, आणि खोटी नाणी पाडायचे साचे बनवणेही गुन्हा. तिथे कायद्याने वाट पाहायची नाही असे मुद्दाम ठरवले आहे.

उरलेल्या सगळ्या गुन्ह्यांसाठी तयारी आणि प्रयत्न यांच्यामधली रेघ शोधावी लागते, आणि गंमत अशी, की आपल्या संहितेने प्रयत्नाला शिक्षा सांगितली, व्याख्या सांगितली नाही. जुने कलम ५११, आताचे ६२, एवढेच म्हणते की गुन्हा करण्याचा प्रयत्न केला आणि त्या प्रयत्नात गुन्ह्याच्या दिशेने काही कृती केली, तर मूळ गुन्ह्याच्या जास्तीत जास्त कैदेच्या निम्म्यापर्यंत शिक्षा. चोरीला तीन वर्षे, म्हणून दगडूला दीड. कुठून कुठवर प्रयत्न, ते न्यायाधीशांवर सोपवले.

इंग्लंडात हे सगळे न्यायाधीशांवरच होते, तेही शतकानुशतके. १८५५ मध्ये तिथे एका पाववाल्याचा खटला गाजला. गरिबांना चिठ्ठ्यांवर पाव द्यायचा त्याचा ठेका. पाव वजनात कमी, पैसे पुऱ्या वजनाचे. बिल चुकते होण्याआधीच बिंग फुटले. न्यायाधीशांनी म्हटले, त्याच्या बाजूने करायचे सगळे करून झाले होते, आता फक्त पैसे हातात पडायचे होते, म्हणून हा प्रयत्न. यातून शेवटच्या कृतीची कसोटी निघाली: आरोपीने आपल्या हातातली शेवटची गोष्ट केली का? कसोटी दिसायला स्वच्छ आहे, पण तिने घोटाळे केले. १९१५ मध्ये लंडनच्या एका सराफाने दागिने लपवले, स्वतःला दोरीने बांधून घेतले आणि दरोडा पडला म्हणून आरडाओरड केली. विम्याचे पैसे उकळायचा बेत होता. पोलिसांना तिजोरीतच ऐवज सापडला. त्याने विमा कंपनीकडे अजून मागणी केली नव्हती, म्हणून सुटला. न्यायालयाच्या मते ती सगळी नाटकशाळा तयारीतच जमा!

शेवटी १९८१ मध्ये ब्रिटिश संसदेने गुन्हेगारी प्रयत्नांचा स्वतंत्र कायदा केला. त्यातली कसोटी अशी, की कृती निव्वळ तयारीच्या पलीकडे गेलेली हवी. शब्द बदलले, भांडण तेच राहिले. रॉमफर्डच्या कुत्र्यांच्या शर्यतीत १८ पौंड लावून बसलेल्या एकाला आपला कुत्रा मागे पडतोय असे दिसले. तो कुंपण चढून धावपट्टीवर उतरला आणि हात हलवून कुत्र्यांना बिचकवू लागला. शर्यत रद्द झाली तर लावलेले पैसे परत मिळतात. शर्यत रद्द झाली नाही, त्याच्यावर मात्र चोरीच्या प्रयत्नाचा खटला झाला. वरिष्ठ न्यायालयाने सोडले: अजून पैसे घेणाऱ्याच्या टेबलापर्यंत जायचे बाकी होते. त्यावर हसू येते, पण पुढची उदाहरणे हसण्यासारखी नाहीत. पोस्ट ऑफिस लुटायला निघालेला एक जण दारापासून हाताच्या अंतरावर पकडला गेला, जवळ खोटे पिस्तूल आणि धमकीची चिठ्ठी. शिक्षा रद्द झाली, कारण तो आत गेला नव्हता. ब्रायटनच्या एका शाळेत मुलांच्या स्वच्छतागृहात एक अनोळखी माणूस दिसला. त्याने टाकून दिलेल्या पिशवीत मोठा सुरा, दोरी आणि चिकटपट्टी मिळाली. त्याच्यावर मुलाला डांबून ठेवण्याच्या प्रयत्नाचा आरोप होता. तो १९९६ मध्ये सुटला, कारण कुठल्याही मुलाशी त्याचा संबंध आला नव्हता. या निकालाचे तर्कशास्त्र मला समजते, पण पटत नाही. लगेच पुढच्या वर्षी धान्याच्या कोठाराच्या कुलुपाकडे वाकून पाहणाऱ्या, आणि कुंपणात गॅस कटर लपवून ठेवलेल्या माणसाला दोषी धरले गेले. कुलूप पाहणे प्रयत्न, आणि मुलांच्या स्वच्छतागृहात सुरा घेऊन थांबणे तयारी! इंग्लंडमधले कायद्याचे प्राध्यापक गेली तीस वर्षे हे दोन निकाल शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना छळतात.

आता आपल्याकडे येऊ. या विषयावरचा भारतातला सर्वांत वाचनीय निकाल वसईच्या खाडीकाठी जन्मला आहे.

१४ सप्टेंबर १९६८. मुंबईहून चांदी वसईकडे जाणार आणि तिथून समुद्रमार्गे परदेशी निघणार, अशी खबर अबकारी खात्याला लागली. अधिकारी महामार्गावर दबा धरून बसले. मध्यरात्रीच्या सुमारास ठरलेली जीप आणि तिच्याबरोबर ट्रक आले, महामार्ग सोडून कामण गावाकडे वळले, आणि खाडीवरच्या पुलापाशी थांबले. माणसे उतरली, लहान पण जड गाठोडी उतरवून जमिनीवर ठेवू लागली. अधिकाऱ्यांनी घेरले. नेमक्या त्या वेळी खाडीच्या बाजूने यांत्रिक होडीच्या इंजिनाचा आवाज आला. होडी काही दिसली नाही. आवाज ऐकू आला तेवढाच. खाडीकडे जाणाऱ्या पायवाटेजवळ चार लगडी सापडल्या, आणखी जीपमध्ये, आणि ट्रकमध्ये लाकडी भुशाच्या पोत्यांखाली लपवलेल्या. तेव्हाच्या भावाने माल सुमारे आठ लाखांचा.

खालच्या न्यायालयाने चांदी देशाबाहेर नेण्याच्या प्रयत्नाबद्दल शिक्षा दिली. सत्र न्यायाधीशांनी अपिलात सोडून दिले. त्यांचे म्हणणे असे: चांदी खाडीपर्यंत आणली, ही तयारी झाली. ती होडीत चढवली असती तर प्रयत्न म्हटला असता. तोवर आरोपींना विचार बदलून माल परत नेता आला असता. उच्च न्यायालयानेही सुटका कायम ठेवली.

खटला दिल्लीला गेला आणि १९८० मध्ये न्यायमूर्ती रणजितसिंग सरकारिया आणि न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी सुटका फिरवली. महाराष्ट्र राज्य विरुद्ध महंमद याकूब या नावाने तो निकाल विधी महाविद्यालयांत शिकवतात. त्यातले चिन्नप्पा रेड्डींचे वेगळे निकालपत्र मला अधिक आवडते. त्यांनी इंग्लंडचे पाववाल्यापासूनचे सगळे निकाल चाळले आणि म्हटले की यातून एक ठोक सूत्र निघत नाही. प्रयत्नाला तीन गोष्टी लागतात. अमुक गुन्हा करायचा असा इरादा. त्या दिशेने एखादी कृती, जी गुन्हा घडायचा तर करावीच लागली असती. आणि त्या कृतीची गुन्ह्याशी जवळीक. इथवर नवे काही नाही. नवे आहे ते पुढे: ही जवळीक वेळेत किंवा कृतीत मोजायची नाही, इराद्याच्या संदर्भात मोजायची. म्हणजे खाडी किती हात लांब होती, होडी किती मिनिटांत येणार होती, हे मोजत बसू नका. त्या रात्रीची सगळी परिस्थिती एकत्र पाहिल्यावर ती कृती इरादा रास्त खात्रीने उघड करते का, एवढे पाहा. मध्यरात्र, भुशाखाली चांदी, मोठा रस्ता सोडून खाडीकाठ, उतरवलेली गाठोडी आणि अंधारातून इंजिनाचा आवाज. यातल्या एकेका गोष्टीला कोणी दुसरे कारण सांगू शकेल. सगळ्यांना मिळून दुसरे कारण सांगता येत नाही.

होडी आली असती आणि माल चढला असता, तरच प्रयत्न, असे सत्र न्यायाधीशांना वाटत होते. पण त्या हिशेबाने तस्करी पकडायची तर अधिकाऱ्यांनी झाडीत बसून चांदी होडीत चढेपर्यंत पाहायचे, आणि मग पोहत जायचे! कोकणच्या किनाऱ्याची रचना ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको, की खाडीच्या तोंडातून एकदा होडी सुटली की तिच्या मागे लागणे हे काम वेगळे.

या निकालाला एक अडचण आडवी येत होती. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच पंजाबातल्या एका ट्रकबाबत उलट निर्णय दिला होता. साळीची पोती भरून तो ट्रक परवान्याशिवाय दिल्लीकडे निघाला होता. तो दिल्लीच्या हद्दीपासून बरेच मैल अलीकडे, समालखा नाक्यावर अडवला गेला. न्यायालय म्हणाले, ड्रायव्हर वाटेत विचार बदलू शकला असता, म्हणून ही केवळ तयारी. चिन्नप्पा रेड्डी यांनी तो निकाल फिरवला नाही, पण त्यातली कसोटी त्या खटल्याच्या तथ्यांपुरतीच ठेवली. मला वाटते दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर आहेत. हमरस्त्याने चाललेला साळीचा ट्रक हद्दीच्या अलीकडेही रिकामा होऊ शकतो. तिथे मंड्या आहेत. कामणच्या खाडीपुलाखाली मध्यरात्री चांदीचे गिऱ्हाईक उभे नसते.

मात्र सरकारियांच्या निकालपत्रातला एक सूर मला खटकतो. तस्करीने अर्थव्यवस्था पोखरली जाते, म्हणून अशा कायद्यात प्रयत्नाचा अर्थ सैल हाताने लावावा, असे त्यांनी सुचवले. पण गुन्हा कितीही घातक असो, रेघ सरकवायची तर कायदेमंडळाने सरकवावी, दरोड्याच्या तयारीबाबत केले तसे. आज चांदीसाठी सैल झालेला हात उद्या खैरासाठीही सैल होईल, आणि फाट्यावर रिकामी पिकअप लावून चहा पिणारा माणूस चोरीच्या प्रयत्नात अडकेल. इरादा ही पुराव्याने सिद्ध करायची गोष्ट आहे, आणि ठाण्यात बसून इरादा लिहिणे फार सोपे असते.

इथे एक बारीक मुद्दा, जो वकिलांच्याही नजरेतून निसटतो. कलम ६२ फक्त संहितेत सांगितलेल्या आणि कैदेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना लागते. सीमाशुल्क कायदा, वन कायदा, वृक्षतोडीचा कायदा हे वेगळे कायदे. तिथे प्रयत्नाला शिक्षा द्यायची तर त्या त्या कायद्यातच तसे लिहिलेले हवे. चांदीच्या खटल्यात सीमाशुल्क कायद्याने प्रयत्नाचा उल्लेख स्वतःच केला होता, म्हणून तो चालला.

आता रिकाम्या खिशाकडे वळू, कारण या विषयात इंग्लंड आपल्यामागे सव्वाशे वर्षे राहिले, आणि हे सांगताना मला थोडा आनंद होतो हे लपवत नाही. खिसेकापूने खिशात हात घातला, खिसा रिकामा. चोरी होणे शक्यच नव्हते. प्रयत्न झाला का? मेकॉलेच्या मसुद्यातून तयार झालेल्या १८६० च्या संहितेने कलम ५११ खाली दोन उदाहरणे दिली. एकात दागिन्यांची पेटी फोडली, ती रिकामी निघाली. दुसऱ्यात खिशात हात घातला, खिशात काही नव्हते. दोन्हीकडे प्रयत्नाचा गुन्हा पुरा. संहिता १८६२ मध्ये लागू झाली. दोनच वर्षांनी, १८६४ मध्ये, खुद्द इंग्लंडच्या न्यायालयाने एका बाईच्या खिशात हात घालणाऱ्याला सोडले. खिशात काही होते हे सिद्ध झाले नव्हते. ज्या देशाने आपल्यासाठी कायदा लिहिला, त्याने स्वतःसाठी तो वापरला नाही. १८९२ पर्यंत तिथल्या न्यायाधीशांनी ती चूक सुधारली, आणि १९७३ मध्ये पुन्हा केली. चोरीच्या गोमांसाच्या डब्यांची एक गाडी पोलिसांनी अडवली आणि सापळा म्हणून पुढे जाऊ दिली. माल घ्यायला आलेला माणूस पकडला गेला. तेव्हा तिथले सर्वोच्च न्यायालय असलेल्या उमरावांच्या सभागृहाने म्हटले, पोलिसांच्या ताब्यात येताच माल चोरीचा राहिला नाही, म्हणून चोरीचा माल घेण्याचा प्रयत्नही नाही. त्याचा आधार घेऊन दोन वर्षांनी रिकामे पाकीट चाचपणारा सुटला. मुंबईच्या लोकलमधल्या पाकीटमाराने हे वाचले असते तर थेट लंडनचे तिकीट काढले असते.

१९८१ च्या कायद्याने हे मिटवायचे ठरवले: गुन्हा घडणे अशक्य असले तरी प्रयत्न होतो, असे स्पष्ट लिहिले. तरीही १९८५ मध्ये उमरावांचे सभागृह घसरले. एका बाईने चोरीचा समजून स्वस्तात व्हिडिओ रेकॉर्डर घेतला. तो चोरीचा असल्याचे सिद्ध झाले नाही. तिला सोडले. केंब्रिजचे ग्लॅनव्हिल विल्यम्स यांनी या निकालाचे असे वाभाडे काढले, की वर्षभरात सभागृहाला मागे यावे लागले. निमित्त झाले शिवपुरी नावाच्या माणसाचे. भारतात भेटलेल्या एकाच्या सांगण्यावरून त्याने इंग्लंडात एक बॅग घेतली. पैसे हजार पौंड. बॅगेत हेरॉइन किंवा गांजा असावा असे त्याला स्वतःला वाटत होते, आणि पकडल्यावर त्याने ते कबूल केले. तपासणीत निघाला तपकिरीसारखा निरुपद्रवी झाडपाला. १९८६ मध्ये त्याला दोषी धरले गेले, आणि आदल्या वर्षीच्या निकालात सामील असलेले लॉर्ड ब्रिज यांनीच आपला तो निकाल चुकीचा होता असे लिहिले.

आपल्याकडेही हा विषय पुरता संपलेला नाही. कोकणातल्या जमिनींच्या हद्दी ज्याने सातबारा घेऊन डोंगरात शोधल्या आहेत त्याला पुढचा पेच लगेच कळेल. दगडूने अंधारात शेजाऱ्याचा समजून जो खैर कापला, तो मोजणी झाल्यावर दगडूच्याच हिश्शातला निघाला, तर? स्वतःच्या झाडाची चोरी होत नाही. शिवपुरीच्या न्यायाने इंग्लंडात तो दोषी. आपल्या दोन उदाहरणांत चोरीचे लक्ष्य दुसऱ्याचेच होते, फक्त माल नव्हता. इथे माल आहे, दुसरा नाही. या फरकावर चिपळूणच्या न्यायालयात दोन चांगले वकील दुपारभर भांडू शकतील. माझे मत विचाराल तर अशा दगडूला सोडावे. ज्याचे कोणाचे काहीच गेले नाही आणि जाऊ शकतही नव्हते, त्याला केवळ मनातल्या शेजाऱ्याबद्दल दीड वर्षे आत टाकणे मला जड जाते.

चोरीपेक्षा खुनाचा प्रयत्न वेगळा, त्याला स्वतःचे कलम आहे: जुने ३०७, नवे १०९. त्यातली उदाहरणे तयारी आणि प्रयत्न इतके स्वच्छ वेगळे करतात, की इंग्लंडच्या न्यायाधीशांनी ती भिंतीवर लावायला हरकत नव्हती. मारायच्या इराद्याने बंदूक घेतली आणि भरली: अजून गुन्हा नाही. झाडली: गुन्हा झाला. विष अन्नात कालवले, पण अन्न स्वतःकडेच ठेवले: अजून नाही. ते अन्न टेबलावर ठेवले किंवा नोकराकडे दिले: झाला. प्रश्न उरतो, झाडलेली गोळी लागलीच नाही तर?

२२ जुलै १९३१ रोजी मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आले होते. वाडिया ग्रंथालयात कॉलेजचा विद्यार्थी वासुदेव बळवंत गोगटे याने अगदी जवळून त्यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागला तेव्हा हॉटसन इलाख्याच्या गृहखात्याचे प्रमुख होते, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी सोलापूरच्या चौघांना येरवड्यात फाशी दिली गेली होती. तो राग या गोळ्यांत होता. हॉटसन वाचले. एक तर दारूगोळ्यात दोष असावा, नाही तर खिशातले चामड्याचे पाकीट आणि त्यातल्या नोटांनी गोळी थोपवली असावी, असे न्यायालयाला वाटले. गोगट्यांना आठ वर्षांची सक्तमजुरी झाली. पुढे ते वकील झाले, आणि पुणेकरांनी त्यांचे नाव कायमचे हॉटसन-गोगटे करून टाकले.

उच्च न्यायालयात बचावाचा मुद्दा देशभक्तीचा नव्हता, कलमाचा होता. कलम ३०७ म्हणते की कृती अशी हवी, की तिने मृत्यू घडला असता तर तो खून ठरला असता. या गोळीने मृत्यू घडणे शक्य नव्हते. मग हा खुनाचा प्रयत्न कसा? हा युक्तिवाद ऐकायला पोकळ वाटतो, पण त्याला मुंबईतलाच जुना आधार होता. १८६७ च्या कॅसिडीच्या खटल्यात आरोपीने ठासणीची बंदूक मारायच्या इराद्याने रोखली होती. बंदुकीवर केप नव्हती, हे त्याला ठाऊक नव्हते. घोडा दाबायच्या आत त्याला धरले. ठासणीच्या बंदुका कोकणात अजून रानडुकरांवर चालतात, त्यामुळे इथे सांगायला नको, की केपवर घोडा आपटल्याशिवाय बार होत नाही. मुंबईच्या न्यायालयाने तेव्हा म्हटले, या कृतीने मृत्यू येऊच शकत नव्हता, म्हणून ३०७ लागत नाही. पण सर्वसाधारण कलम ५११ लागते. १८९१ मध्ये अलाहाबादच्या न्यायमूर्ती स्ट्रेट यांनी हे मानले नाही. त्यांच्या खटल्यात केप फुटली पण बार झाला नव्हता. त्यांनी ३०७ खालीच दोषी धरले, आणि खुनाच्या प्रयत्नाची सगळी व्यवस्था त्या एका कलमात आहे, ५११ ला तिथे जागा नाही, असे बजावले.

गोगट्यांच्या अपिलात मुख्य न्यायमूर्ती बोमाँ यांनी कलमाचा शब्दशः अर्थ सोडला. फसलेला प्रयत्न काही तरी आडवे आल्यामुळेच फसतो. मृत्यू आणण्याची ताकद असलेलीच कृती हवी असा हट्ट धरला तर फसलेल्या गोळीचा कोणीच आरोपी होणार नाही. त्यांच्या मते कलमाचा खरा अर्थ असा, की इरादा आणि परिस्थिती अशी हवी, की मध्ये एखादी गोष्ट आली नसती तर सगळे नेहमीच्या क्रमाने खुनापर्यंत गेले असते. पाकीट ही अशी मध्ये आलेली गोष्ट. आणि १९६१ मध्ये, पत्नीला महिनोन्‌महिने उपाशी ठेवणाऱ्या एका नवऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक अट काढून टाकली: ३०७ साठी आरोपीने शेवटची कृती केलेली असणेही जरुरीचे नाही.

मग केप नसलेल्या बंदुकीचे आज काय? बोमाँचा अर्थ घेतला तर १०९. जुन्या कॅसिडीचा घेतला तर ६२. फरक किती पडतो, तो हिशेब करून पाहावा. १०९ खाली, कोणाला जखम झाली नसेल तर, जास्तीत जास्त दहा वर्षे. ६२ खाली खुनाच्या जन्मठेपेची निम्मी. आणि अपूर्णांकाच्या हिशेबासाठी जन्मठेप वीस वर्षांची धरायची असे संहितेनेच सांगितले आहे. म्हणजे तीही दहाच. इंग्लंडात मात्र प्रयत्नाला पुऱ्या गुन्ह्याइतकीच कमाल शिक्षा आहे, आणि फसलेल्या खुनालाही तिथे जन्मठेप होऊ शकते.